बिनखुणेच्या चादरी

मालकिणीच्या लाँड्रीत एक नेम होता, आणि तो मोडणाऱ्याची ती गिऱ्हाइकांदेखत हजेरी घ्यायची. दोन घरांचं कापड एका टबात पडायचं नाही. चादर कुणाचीही असो, दुकानात आली की तिच्या कोपऱ्यात दोन टाके पडायचे. मोठ्या हॉटेलचे निळे, दवाखान्याचे हिरवे, वसतिगृहाचे तांबडे. ज्याचं त्याला गेलं पाहिजे. मालकिणीला अक्षर सहीपुरतं येत होतं, पण दोऱ्याच्या बाबतीत आपली चूक दाखवणारा अजून जन्माला यायचाय, असं ती स्वतःच सांगून टाकायची. दुसऱ्या कुणाला तसदी नको.

घरच्या कपड्यांना तेवढा दोरा नव्हता. आपलं माणूस ओळखायला कुणी गळ्यात पाटी अडकवतं का? सुनेच्या माहेरचं धुणंही घरचंच. विहिणीचं बोचकं बिनखुणेचं यायचं, बिनखुणेचं जायचं, आणि पैशाचा विषय निघाला तर मालकीण अशी बघायची की विहीणबाई पुढचा शब्द गिळून चहा प्यायच्या.

मग लेकाला मोठेपणाचा वारा लागला. वाफेचं मशीन घेऊ, म्हणाला, एका बाजूने ओली चादर घातली की दुसऱ्या बाजूने कडक इस्त्री होऊन बाहेर. मोठ्या हॉटेलने रोजचं काम देतो म्हणून सांगितलं होतं. बँकेने कर्ज दिलं, त्यावर लेकाची स्वतःची सही घेतली. तरी थोडं कमी पडत होतं. ते विहिणीने दिलं. आयुष्यभर लोकांची तान्ही पोरं सांभाळून साठवलेले पैसे होते. मागितले नव्हते, तिने आपणहून आणून दिले. आणि मशीन बसलं त्या दिवशी, चार माणसांत, हसत हसत म्हणाली, "फिरतंय हो, आमच्याच जिवावर फिरतंय!"

सगळे हसले. मालकीणही हसली. पण ते वाक्य तिच्या घशात माशाच्या काट्यासारखं बसलं ते बसलंच. ना खाली गेलं, ना वर आलं.

हॉटेल बुडालं. बुडालं ते बुडालं, जाताना यांचा पाय धरून बुडालं. हॉटेलमालकाने बिलं थकवली, मग फोन उचलायचं थांबवलं, मग दाराला कुलूप लागलं. इकडे मशीनचे हप्ते, साबणवाल्याची उधारी, बॉयलर दुरुस्त करणाऱ्या मिस्तऱ्याचे पैसे. लेकाने एका कर्जावर दुसरं काढलं. फाटक्यावर ठिगळ, ठिगळावर ठिगळ, शेवटी मूळ कापडच उरलं नाही. वसुलीवाले दुकानात येऊन बाकावर बसायला लागले तेव्हा सून त्याला हाताला धरून वकिलाकडे घेऊन गेली. मालकीणही निघाली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. तिला कधीच कुणी बोलवावं लागत नसे.

वकील सरळ माणूस होता. म्हणाला, "दिवाळखोरीचा अर्ज टाकू. कोर्ट एक अधिकारी नेमेल. तुमच्याकडे काय आहे, कुणाचं किती देणं आहे, सगळं शपथेवर लिहून द्यायचं. जे असेल ते विकून सगळ्या घेणेकऱ्यांत ज्याच्या त्याच्या प्रमाणात वाटलं जाईल. सगळं खरं निघालं तर वर्षभराने कोर्ट तुम्हाला मोकळं करेल, पाटी कोरी. पण काही लपवलं असं दिसलं, तर ही कर्जं मरेपर्यंत मानेवर, आणि खोट्या शपथेचा खटला वेगळा."

"लपवायला आहे काय?" लेक म्हणाला. "गाडी होती, ती परवा विकली."

"त्या पैशांना हात लावू नका. कामगारांचे पगार द्या, ते चालतं. बाकी तसेच ठेवा. कुणा एकाचं देणं आता वेगळं फेडायचं नाही. आणि नात्यातल्याचं तर अजिबात नाही."

मालकीण ऐकत होती. म्हणजे कान उघडे होते. पण 'दिवाळखोरी' हा शब्द कानात शिरल्यापासून दुसऱ्या कशाला आत जागाच नव्हती. दिवाळं निघालं असं लोक दुसऱ्यांबद्दल बोलतात, ते आपल्या दारात येऊन बसलं होतं. बँकेचं बुडेल, बुडू दे, बँकेला काय पोरंबाळं आहेत? साबणवाला इतकी वर्षं साबणात माती घालून जगला, तो मरत नाही. पण विहीण? आज हसत बोलली, उद्या न हसता बोलेल. 'आमचे बुडवले' म्हणेल, आणि खरं बोलेल. नियम बाजारासाठी असतो, आणि विहीण म्हणजे काही बाजार नव्हे. जिचं कापड कधी लोकांच्या कापडात मिसळलं नाही, तिचं देणं लोकांच्या देण्यात मिसळायचं?

गाडीचे पैसे नेहमीप्रमाणे मालकिणीच्याच पेटीत होते. तिने कामगारांचे पगार दिले, उरलेले उशीच्या एका अभ्र्यात बांधले आणि विहिणीच्या चौथ्या मजल्यावर जाऊन तिच्या पुढ्यात ठेवले.

"हे काय, विहीणबाई? एवढी घाई कशाला?"

"आमच्याकडे उशीर करायची पद्धत नाही," मालकीण म्हणाली, आणि जिने उतरताना तिच्या घशातला काटा इतक्या दिवसांनी निघाला.

घरी लेकाने विचारलं तेव्हा तिने सांगितलं, "साबणवाल्याला दिले. दारात येऊन घसा फोडत होता." लेक कपाळाला हात लावून बसला. पण आईवर ओरडायची त्याला सवय नव्हती. वकिलाने तसंच लिहून घेतलं, निदान खरं तरी आहे म्हणाला, आणि लेकाने खाली सही केली. विहिणीचं देणं यादीत आलंच नाही; ते पैसे तिने आपणहून दिले, परत नकोत म्हणाली, असं मालकिणीने लेकाला सांगितलं होतं.

कोर्टाने नेमलेली अधिकारीण आली ती सर्दीने बेजार होती. एका हातात रुमाल, दुसऱ्या हातात पेन. तिच्या माणसांनी वाफेचं मशीन खोलून बाहेर काढलं. फरशीवर चार गंजके चौकोन तेवढे राहिले. जुनी इस्त्री, लाकडी टेबल आणि टाके घालायची सुई-दोऱ्याची डबी यांच्याकडे बघून ती म्हणाली, "हे राहू दे. पोट भरायची हत्यारं आम्ही नेत नाही, आजी."

"मी तुमची आजी नाही," मालकीण म्हणाली. "आणि हेही न्या की! माझी सावली पडलीय बघा तिथे, तीही गुंडाळून न्या."

अधिकारीण रुमालात शिंकली. रागावली की काय ते कळलं नाही.

घेणेकऱ्यांची बैठक एका लांबट खोलीत होती. पाणी नसलेला पाण्याचा कूलर आणि भिंतीकडेने खुर्च्या. बँकेचा टाय लावलेला पोरगा मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. मिस्तरी आपल्या काळ्या नखांकडे बघत होता. साबणवाला दाराजवळ. विहीण आलीच नव्हती. तिला कशाला यायला हवं होतं? अधिकारीण एकेक वाचत गेली आणि लेक 'हो' म्हणत गेला. प्रत्येक 'हो'बरोबर त्याची मान थोडी खाली जात होती. मग ती म्हणाली, "गाडी विकून आलेल्या रकमेतून पगार दिले, आणि बाकी साबणाच्या व्यापाऱ्याला दिली. बरोबर?"

"हो."

"कुणाला दिली?" दाराजवळून आवाज आला. साबणवाला उभा राहिला होता. "मला? अहो, मला त्या पैशाचा वासही आला नाही! माझे सगळेच्या सगळे बाकी आहेत, लिहून दिलंय मी."

बँकेच्या पोराने मोबाइल खाली ठेवला.

अधिकारीण लेकाकडे बघत राहिली. "हे तुम्ही शपथेवर लिहिलंय. पैसे गेले कुठे?"

लेकाने आईकडे पाहिलं. फक्त एकदा. लहानपणी शेजाऱ्याची काच फुटली की तो असाच बघायचा. काच त्याने फोडली नसली तरी. त्या एका नजरेत त्याला सगळं कळलं, आणि तो काय करणार हे मालकिणीलाही कळलं. तो अंगावर घेणार होता.

"मी... माझ्याकडूनच..." त्याने सुरुवात केली.

"गप बस," मालकीण म्हणाली आणि उठली. गुडघा धरत उठली. खुर्चीने फरशीवर करकर केलं. "याला काही ठाऊक नाही. पेटी माझ्याकडे असते. मी दिले, याच्या सासूला. मी याला साबणवाल्याचं नाव सांगितलं. खोटं मी बोलले, सही याने केली."

"कधी?"

"वकिलांनी देऊ नका म्हणून सांगितलं त्याच्या दुसऱ्या दिवशी."

मिस्तरी हळू आवाजात म्हणाला, "वा! म्हणजे सोयऱ्यांना पूर्ण आणि आम्हाला चुरमुरे." त्याचं बोलणं खोटं नव्हतं. मालकीण खाली बसली.

सगळे गेल्यावर अधिकारिणीने तिला थांबवून घेतलं. "तुमच्या विहिणीचं नाव या यादीत असतं तर त्यांना सगळ्यांसारखा वाटा मिळाला असता. थोडा, पण कायमचा. तुम्ही त्यांना पैसे दिले नाहीत, आजी, अडकवलंत. आता ते परत आले पाहिजेत, आणि सगळ्यांच्या ढिगात पडले पाहिजेत."

"एकाच ढिगात? बँकेच्या आणि तिच्या?"

"एकाच. म्हणूनच तर कुणावर अन्याय होत नाही."

"आणि नाही आले तर?"

"तर मला कोर्टाला लिहावं लागेल की रक्कम लपवून नात्यात फिरवली. तुमच्या मुलाची मोकळीक थांबेल. विहिणीवरही नोटीस निघेल." तिने नाक पुसलं. "तुम्ही आज बोललात ते मी लिहीन. मुलाला ठाऊक नव्हतं, हेही लिहीन. पण पैसे आल्यावर. नुसत्या बोलण्यावर नाही."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. आणि हात कोणता, तर ज्याची ऐट होती तोच.

घरी सून दार उघडून उभी होती. नवऱ्याने फोनवर सांगितलं होतं. ती कधी आवाज चढवत नसे, आजही चढवला नाही.

"माझ्या आईचे पैसे होते ना, आई? मग मला विचारायला काय झालं होतं?"

"तुझ्या आईचे बुडू नयेत म्हणूनच गेले मी."

"नाही. मशीन बसलं तेव्हा माझी आई हसली होती, म्हणून गेलात." सुनेने चपला पायात घातल्या. "बाबांचे पाय थकलेत. जिने होत नाहीत. आईने ते पैसे भरून तळमजल्यावर खोली घेतली मागच्या महिन्यात. अनामत भरलीय सगळी. तुम्हाला सांगायचं नाही म्हणाली, उगाच मिरवल्यासारखं वाटेल म्हणून. चला, आता तुम्हीच सांगा तिला."

तळमजल्यावरच्या खोलीच्या दारात व्याही खुर्ची टाकून उन्हात बसले होते. रस्त्यावरून जाणाऱ्याला हाक मारत होते, आणि कुणी ना कुणी थांबत होतं. मालकिणीला बघून त्यांचा चेहरा उजळला. "या, या! आता यायला जिनेच नाहीत, बघा! मघाशी कोपऱ्यापर्यंत जाऊन आलो मी. काठी घेऊन, पण गेलो."

विहीण आत भिंतीला खिळा ठोकत होती. हातोडी तशीच हातात धरून तिने सगळं ऐकलं. मालकिणीने आडवळण घेतलं नाही. तिला ते येतच नव्हतं.

विहिणीने अर्धवट ठोकलेल्या खिळ्यावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "मी मागितले होते का हो, विहीणबाई?"

"नाही."

"मी एकदा तरी विचारलं, कधी देताय म्हणून?"

"नाही विचारलंत."

"मग मला वाटलं, आता द्यायची ऐपत आहे, म्हणून दिले. मी खोली घेतली." तिने खिळा काढून डबीत टाकला. "तुम्ही माझं देणं फेडलं नाहीत. तुम्ही तुमचं नाक धुतलंत, माझ्या घराच्या पाण्याने."

"मी दुसरीकडून उभे करते. कुठूनही..."

"कुठून? दिवाळं निघालंय ना तुमचं?" हे ती टोचायला बोलली नाही, नुसती विचारत होती. त्यामुळे जास्त लागलं. मग तिने दाराकडे बघितलं. बाहेर व्याही कुणाला तरी सांगत होते, की आता रोज कोपऱ्यापर्यंत जाणार. "जावयाच्या गळ्याला फास लागलाय, तर मी दोरी धरून बसू का? माझी पोर आहे त्या घरात. देते. पण यांना तुम्ही सांगायचं नाही. मी सांगेन."

घरमालकाने अनामत परत दिली, त्यातून महिन्याचं भाडं आणि वर दंड कापून. कापलं गेलेलं सुनेने स्वतःच्या कानातलं विकून भरलं. चौथ्या मजल्यावरची जुनी खोली अजून रिकामी होती, एवढंच काय ते नशीब. लेक आणि त्याचा एक मित्र व्याह्यांना खुर्चीसकट उचलून वर घेऊन गेले. प्रत्येक वळणावर खुर्ची टेकवून दम घेत होते. व्याही विनोद करत होते. "सांभाळा रे, मौल्यवान माल आहे," वगैरे. तिसऱ्या मजल्यानंतर बोलायचे थांबले. मालकीण खाली त्यांची काठी हातात धरून उभी होती. मग तिच्या ध्यानात आलं, की आता ती वर न्यायची काही गरज नाही. तरी ती घेऊन गेली.

वर्ष सरलं. अधिकारिणीने कबूल केल्याप्रमाणे लिहिलं, आणि कोर्टाने लेकाला मोकळं केलं. कागद हातात घेऊन तो बाहेरच्या पायऱ्यांवर बसला आणि पोटातून हुंदके देऊन रडला. मालकीण शेजारी उभी राहिली. त्याच्या पाठीवर हात ठेवायचा होता, ठेवला नाही. तेवढाही हक्क वाटेना.

मोकळा झाला म्हणजे हात मोकळे झाले, खिसे काही भरले नाहीत. बँक दारात उभी करत नव्हती. उधार हा शब्द घरातून गेला. साबणवाला आधी रोख घ्यायचा, मग साबण कापून द्यायचा, आणि तेही मालकिणीच्या तोंडाकडे न बघता. एका जिन्याखालची जागा भाड्याने मिळाली, तिथे जुनं टेबल आणि जुनी इस्त्री लागली. लेक दिवसा दुसऱ्याच्या लाँड्रीत मशीनवर उभा राहायचा, संध्याकाळी इथे. आठवड्याला जे उरेल ते सून एका डब्यात टाकायची. आता डबा तिच्याकडे होता. मालकिणीने तो मागितला नाही. लोक अजून तिला मालकीण म्हणायचे. जुनी सवय, दुसरं काय!

विहिणीला ढिगातला वाटा मिळाला होता. तिने तो सांगितलाही नाही, सुनेकडून कळलं. त्यात खोली येत नव्हती, खोलीचं दारही आलं नसतं.

मालकिणीने स्वतःच्या इस्त्रीच्या पैशातून थोडे थोडे बाजूला ठेवले. वकिलाला विचारलं, तो म्हणाला, आता द्यायला हरकत नाही, मनाने कुणीही कुणाला देऊ शकतं. एका दुपारी ती चार मजले चढून गेली. वर पोचली तेव्हा तिला धाप लागली होती. व्याही खिडकीशी होते. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसत होती. त्यांनी मान हलवली, हाक मारली नाही.

तिने पैसे पुढे केले. विहिणीने हात पदरात घेतले.

"नको. तुमच्या हातचे पैसे नकोत मला. तुम्ही देता आणि परत न्यायलाही येता."

"आता कुणी न्यायला येणार नाही. कागद झालाय."

"असेल." विहिणीने कोपऱ्यातलं बोचकं ओढून तिच्या पुढ्यात आणलं. "यांच्या चादरी रोज खराब होतात, आणि माझ्याने आता पिळवत नाही. धुऊन आणा. धुणं बरं. ते नेलं तरी परत येतं."

"आणते की. त्यात काय..."

"आणि धुलाई किती ते सांगा. फुकट नको." तिने ओच्यातून नाणी काढून बोचक्यावर ठेवली. "आणि खूण घाला."

मालकिणीला ऐकून कळलं, तरी ती म्हणाली, "कसली खूण?"

"गिऱ्हाइकाच्या कापडाला घालता ती. हरवायला नको. मिसळायला नको."

खिडकीकडून व्याही म्हणाले, "पांढरा दोरा घाला, विहीणबाई. पांढऱ्यावर पांढरा, कुणाला दिसायचा नाही."

"दिसू दे," विहीण म्हणाली. "तांबडा घाला."

डबी मालकिणीच्या पिशवीत नेहमीच असायची. ती खाली बसली, सुई काढली, दोरा ओठांत ओला केला. नेढ्यात जाईना. तिने टोक पुन्हा ओलं केलं. विहीण उभी राहून बघत होती. तिने सुई मागितली नाही आणि मालकिणीने पुढे केली नाही. शेवटी दोरा गेला. तिने चादरीचा कोपरा मांडीवर घेतला आणि दोन टाके घातले. मग दुसरी चादर घेतली. मग तिसरी. नाणी वेचून पिशवीत टाकली, बोचकं खांद्यावर घेतलं आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरायला लागली. मागे दाराची कडी लागली, रोज लागते तशीच.